टाके निघाल्यानंतरचे महिने

माझा धाकटा भाऊ गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीवरून पडला, त्याला येत्या डिसेंबरात सहा वर्षं होतील. सुपारी काढणारा दर झाडाला खाली उतरत नाही. शेंड्याजवळ बसून तो पोफळ हलवतो, झोका धरतो आणि शेजारच्या झाडाला हात घालून तिकडे जातो. त्या सकाळी त्याचा झोका चुकला नव्हता. पोफळच आतून पोकळ झाली होती. वीस-पंचवीस फुटांवरून तो पाटाच्या कडेला बसल्यासारखा आदळला. ओरडला नाही. ‘माझे पाय कुठे आहेत?’ एवढंच विचारलं.

आम्ही चौघांनी त्याला उचललं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, मधे कंबर झोळीसारखी लोंबत राहिली. गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे दुमडून त्याला बसवलं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. मोडलेला मणका असा दुमडला तर त्याचे तुकडे मज्जारज्जूला आणखी चेपू शकतात, हे आम्हा चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. गोव्यात 108 ची रुग्णवाहिका 2008 पासून आहे. तिला फोन करायचा, ती येईपर्यंत माणसाला हलवायचं नाही, हलवावंच लागलं तर एखादी लांब फळी किंवा दार काढून, डोकं, मान आणि कंबर एका रेषेत धरून सगळ्यांनी मिळून त्यावर घ्यायचं. हे शिकवायला पंचायतीच्या सभागृहात अर्धा दिवस पुरेल. नारळ काढणारे पाडेली आणि सुपारीवाले असलेल्या प्रत्येक गावात ते शिकवलं गेलं पाहिजे. पण पहिल्या तासाबद्दल निदान कुणीतरी बोलतं. मला लिहायचं आहे ते पुढच्या महिन्यांबद्दल, कारण त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. ते डॉक्टर समोर आले तर आजही मी त्यांच्या पाया पडेन. सळ्या, स्क्रू, सगळं सरकारी योजनेतून झालं, आमच्या खिशाला फारशी झळ लागली नाही. तेराव्या दिवशी टाके निघाले आणि घरी जायला सांगण्यात आलं. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ होती, ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी.’ कुठे, कुणाकडून, दिवसाला किती तास, किती महिने, आणि वाळपईच्या पलीकडच्या वाडीतून रोज तिथे जायचं कसं, यातलं काहीही त्यात नव्हतं. कमरेखाली जवळजवळ हालचाल नसलेला, लघवीची नळी लावलेला चौतीस वर्षांचा माणूस आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अंगणाच्या चार पायऱ्या चढवून घरात नेला.

माझं म्हणणं एवढंच आहे. मणका जोडण्याचा खर्च आपण समाज म्हणून उचलतो, त्यानंतर माणूस उभा करण्याचा उचलत नाही. ही चूक आहे, आणि गोव्यासारख्या छोट्या, तुलनेने सधन राज्याला ती दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

घरी आल्यावर जो भेटायला येई तो एकच विचारी, ‘तो चलतलो मरे?’ म्हणजे, तो चालेल ना? प्रश्न मायेचा होता. पण त्याचं उत्तर कशावर अवलंबून असतं, हे आम्हाला कुणी बसून समजावलं नव्हतं. मज्जारज्जू म्हणजे करंगळीएवढी जाड, जेमतेम 45 सेंटिमीटर लांबीची दोरी. ती माकडहाडापर्यंत जातही नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी ती संपते आणि तिथून खाली मज्जातंतूंचा झुपका घोड्याच्या शेपटीसारखा उतरतो. इजा कुठल्या उंचीवर झाली यापेक्षाही ती पूर्ण आहे की अपूर्ण, हे जास्त महत्त्वाचं असतं. आणि ते नुसत्या फोटोवरून ठरत नाही. गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का, तिथला स्नायू आवळता येतो का, कुठला स्नायू किती जोर लावतो, हे डॉक्टरने हाताने तपासून ‘ए’पासून ‘ई’पर्यंतची श्रेणी द्यायची असते. ‘ए’ म्हणजे खाली काहीच उरलेलं नाही, ‘ई’ म्हणजे सगळं शाबूत. सुरुवातीच्या आठवड्यांत ‘डी’मध्ये असलेली बहुतेक माणसं पुढे चालतात, ‘सी’मधली पुष्कळ चालतात, ‘ए’मधली फार थोडी. माझा भाऊ ‘सी’ होता, हे आम्हाला चौथ्या महिन्यात कळलं. तोवर आमच्याजवळ होता तो फक्त एक पुरावा. एकोणिसाव्या दिवशी आई त्याच्या पायाला तेल लावत होती आणि उजव्या पायाचा अंगठा तिच्या तळहाताला किंचित लागला. तिने कुणाला सांगितलं नाही. पुन्हा तेल लावलं. पुन्हा लागला. मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

या अंगठ्यापासून पावलापर्यंतचा रस्ता कसा जातो? अमेरिका आणि कॅनडातल्या काही केंद्रांनी मिळून केलेली एक मोठी चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. इजा होऊन आठ आठवडेही झाले नव्हते असे 146 रुग्ण त्यांनी घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला छताला टांगलेल्या पट्ट्यांत अंगाचं वजन पेलून सरकत्या पट्ट्यावर चालवलं. दुसऱ्याला साध्या जमिनीवर, समांतर दांड्यांच्या आधाराने, तेवढाच वेळ, तेवढ्याच कसून. बारा आठवडे. त्या काळात यंत्राबद्दल फार आशा होत्या. निकाल मात्र असा आला की दोन्ही गटांत फरक नव्हता. ज्यांची इजा अपूर्ण होती त्यांच्यातले बहुतांश दोन्हीकडे चालू लागले.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण गोव्यात हा विषय काढला की ‘ती यंत्रं आपल्याकडे कुठून यायची’ असं म्हणून तो मिटवला जातो. यंत्रांवाचून अडलेलंच नाही. अडलंय ते बारा आठवडे मिळण्यावर, आणि त्या बारा आठवड्यांत रोज काही तास धरून उभं करणाऱ्या जाणत्या हातांवर. परत येणारी ताकद सगळ्यांत झपाट्याने येते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. माझ्या भावाचे त्यातले जवळजवळ चार महिने पलंगावर गेले.

चौथ्या महिन्यात फोंड्याहून एक तरुण फिजिओ आठवड्यातून दोनदा यायला तयार झाला. त्याने पहिल्याच दिवशी तपासणी करून श्रेणी सांगितली आणि आमच्याकडून अंगणात काम करून घेतलं. चार खुंट रोवले, त्यांवर कमरेच्या उंचीवर दोन बांबू आडवे बांधले, सहा पावलांच्या लांबीचे. बांबूच्या गाठी कानशीने घासल्या, कारण हाताला फोड आला तर चार दिवस वाया जातात. गुडघे मिटू नयेत म्हणून पट्टे बांधले. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा भावाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खाली बसला. इतके दिवस आडवं राहिल्यावर रक्तदाब असा पडतो, घाबरायचं नाही, हे फिजिओने सांगितलं म्हणून आम्ही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी तो अकरा सेकंद उभा राहिला. पावसाळा लागायच्या आधी त्या सहा पावलांची एक खेप त्याने पुरी केली. आज तो दोन कुबड्यांवर, डाव्या पायाला पट्टी लावून, घरापासून पाटापर्यंत जातो आणि येतो. आधीचे चार महिने मिळाले असते तर एक कुबडी सुटली असती का, हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि आमच्या घरात हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारतही नाही.

आता दुसऱ्या खाटेबद्दल. रुग्णालयात भावाच्या शेजारी बांधकामावरचा एक मुलगा होता, परांचीवरून पडलेला. वय बावीस, घर कर्नाटकात. त्याची इजा पूर्ण होती. त्याच्याकडे बघून माणसं मान हलवत आणि पुढे जात, जणू चालणं नाही म्हणजे करण्यासारखं काहीच नाही. त्यालाही आमच्यासारखीच एक ओळ लिहून घरी पाठवलं. मणक्याच्या इजेत कातडीला दुखणं कळत नाही. एका अंगावर माणूस तासन्‌तास पडून राहतो, हाडाखालची कातडी रक्तावाचून मरते आणि जखम होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. आमच्या आईने चार महिने मोबाइलला दोन-दोन तासांचा गजर लावला. त्या मुलाच्या घरी हे कुणी सांगितलंच नव्हतं. आठ महिन्यांनी त्याच्या भावाचा फोन आला. पाठीखालची जखम हाडापर्यंत गेली होती, ताप चढला होता, आणि तो गेला.

तो मणका मोडल्याने मेला नाही. पलंगावर कसं झोपायचं हे न शिकवल्याने मेला.

लघवीचंही तसंच. मूत्राशय आपोआप रिकामं होत नाही. ते भरलेलं राहिलं की जंतू वाढतात, दाब मागे मूत्रपिंडापर्यंत जातो. दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळी घालून ते स्वतः रिकामं करायला शिकता येतं, आणि ते शिकलेला माणूस कायमच्या पिशवीतून सुटतो. आम्हाला हे शेवटच्या संध्याकाळी, ड्यूटी संपत आलेल्या एका नर्सने स्वतःच्या मनाने दहा मिनिटं थांबून दाखवलं. त्या दहा मिनिटांवर माझ्या भावाची मूत्रपिंडं आजवर टिकली आहेत. इतकी मोठी गोष्ट कुणाच्या भलेपणावर सोडायची?

या क्षेत्राचा इतिहास नेमका याच साध्या गोष्टींपासून सुरू होतो. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने गेले. लुडविग गुटमान हा जर्मनीतून निसटलेला ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. त्याने 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल इथे मणक्याच्या रुग्णांचा वेगळा विभाग सुरू केला. त्याच्याकडे जादूचं औषध नव्हतं. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची, मूत्राशय सांभाळायचं, आणि रुग्णाला कामाला, खेळाला लावायचं. तिथे 1948 मध्ये 16 जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्याकडे मेरी वर्गीस या डॉक्टर 1954 मधल्या मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्या पुढे चाकांच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करत राहिल्या आणि वेल्लोरला त्यांनी पुनर्वसनाचा विभाग उभारला. दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर काढणारे मेजर अहलुवालिया 1965 मध्ये एव्हरेस्टवर गेले होते आणि त्याच वर्षीच्या युद्धात त्यांच्या मणक्याला गोळी लागली. त्याच युद्धात जखमी झालेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. या सगळ्यांच्या मागे कुठे ना कुठे एक विभाग होता, खाटा होत्या, महिनोन्‌महिने धीर धरणारी माणसं होती.

जिथे असा विभाग नसतो तिथली जागा दुसरंच कुणीतरी भरतं. आमच्याकडे पाचव्या महिन्यात एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमधून फोन येऊ लागले. स्टेम सेलची, म्हणजे मूळपेशींची, तीन इंजेक्शनं, काही लाख रुपये, ‘नव्वद टक्के रुग्णांना फरक.’ वडील अर्धं कुळागर विकायला निघाले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी केलं जाणारं मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळे स्टेम सेल उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतात. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. हे आम्हाला आमच्या फिजिओने सांगितलं. तो नसता तर कुळागर गेलं असतं. माझे वडील अडाणी नाहीत. ज्याला कुणीच वाट दाखवत नाही, तो पहिल्या दिसलेल्या वाटेने जातो.

खरं संशोधन थांबलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रेग्वार कुर्तीन आणि जोसलीन ब्लॉक यांच्या गटाने मज्जारज्जूवर विजेचे सूक्ष्म ठोके देणारं उपकरण बसवून काही रुग्णांना पुन्हा पावलं टाकायला लावली. मेंदूतले संदेश थेट मज्जारज्जूपर्यंत पोचवणारा पूल त्यांनी 2023 मध्ये दाखवला. सायकलच्या अपघातानंतर बारा वर्षांनी एक डच गृहस्थ त्याच्या आधाराने उभे राहिले, चालले. हे वाचून माझाही ऊर भरून आला. पण तिथे उपकरण बसवून माणसाला घरी पाठवत नाहीत. महिनोन्‌महिने, आठवड्यातून अनेकदा, सराव चालतो. उद्या हे उपकरण गोव्यात मिळू लागलं तरी ते वापरायला लागेल तो विभाग आणि तेच जाणते हात. आज ते उभे केले नाहीत तर उद्याचं विज्ञानही आपल्या अंगणाच्या पायऱ्यांशी अडेल.

अपंग हक्कांसाठी झटणारे माझे काही मित्र मला वेगळ्या बाजूने अडवतात. ते म्हणतात, चालणं-चालणं करून तुम्ही खुर्चीतल्या माणसाला कमी लेखता. रॅम्प बांधा, बस बदला, माणूस आहे तसा जगू द्या. त्यांच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. किम अँडरसन या संशोधिकेने मणक्याची इजा झालेल्या 681 जणांना विचारलं होतं की सगळ्यांत आधी काय परत आलं तर आयुष्य सुधारेल. ते 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. मानेखाली लुळे असलेल्यांनी हात मागितले. कमरेखाली लुळे असलेल्यांनी लैंगिक जीवन सगळ्यांत वर ठेवलं. मूत्राशय आणि आतड्यांवरचा ताबा दोघांनाही फार महत्त्वाचा वाटला. चालणं दोन्हीपैकी कुठल्याच गटात पहिल्या क्रमांकावर नव्हतं. आपल्या घरांत यातल्या निम्म्या गोष्टींचा उच्चारही होत नाही. माझ्या भावाचं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. वहिनीशी या विषयावर एक शब्द बोलणारं कुणी त्यांना तीन वर्षं भेटलं नाही.

पण चालणं की खुर्ची असा वाद मला मुळातच पटत नाही. ज्याला चालता येणार आहे त्याला चालवायला जी माणसं लागतात, तीच माणसं ज्याला चालता येणार नाही त्याला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत, गाडीतून कामावर जायला शिकवतात. जखम टाळायला दोघांनाही तीच नर्स लागते. त्या शेजारच्या दोन खाटांना एकच विभाग पुरला असता. एक चालला असता, एक जगला असता.

मग तो विभाग गोव्यात कसा होईल? पणजीत 1842 मध्ये निघालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे. राज्य 3702 चौरस किलोमीटरचं. पेडण्याहून किंवा काणकोणहून निघालं तरी सकाळचा माणूस दुपारच्या आत बांबोळीला पोचतो. त्या कॉलेजाला जोडून फक्त मणक्याच्या रुग्णांसाठी पंधरा-वीस खाटा असाव्यात आणि तिथे तीन महिने राहता यावं. नातेवाईकाचीही राहायची सोय हवी, कारण शेवटी शिकायचं त्यालाच असतं. फिजिओ, रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मूत्राशयाचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सेस, पायाला आधार देणारे कॅलिपर आणि पट्ट्या मापाने बनवणारा कारागीर, आणि स्वतः खुर्चीत बसणारा एखादा पगारी समुपदेशक. सरावासाठी गोव्यातल्या घरासारखी एक खोली, उंबरठ्यासकट, चार पायऱ्यांसकट, अरुंद न्हाणीसकट. घरी पाठवल्यावर महिन्यातून एकदा दारात येणारी गाडी. यातली एकही गोष्ट परदेशातून आणायची नाही.

रुग्ण फार थोडे आहेत, असं उत्तर मला मिळालं आहे. थोडे आहेत म्हणूनच ते शक्य आहे. आणि हेच थोडे रुग्ण जखमा आणि मूत्रपिंडं घेऊन पुन्हा पुन्हा तातडीच्या खाटांवर येतात, त्या खर्चाचा हिशेब मांडला तर ही पंधरा खाटांची रक्कम मोठी दिसणार नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला. त्याच्या कलम 27 मध्ये पुनर्वसनाच्या सेवा देणं हे सरकारचं काम ठरवलं आहे, आपल्या आर्थिक कुवतीनुसार. दरडोई उत्पन्नात देशात वरच्या रांगेत बसणाऱ्या राज्याने कुवत नाही म्हणू नये. शिवाय बांधकाम मजुरांसाठी 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर सुरू झाला, असा उपकर आजही घेतला जातो. परांचीवरून पडणारी माणसं त्याच मजुरांतली आहेत. मजुरांच्या वाट्याच्या खाटांसाठी त्यातला भाग का मागू नये?

पणजीत 2023 च्या जानेवारीत पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींसाठीचा उत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा मी भावाला घेऊन गेलो होतो. रॅम्प होते, मदतीला मुलं होती, इतकी खुर्चीतली माणसं एका जागी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. परत येताना तो खूप वेळ बोलत होता. त्या उत्सवाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. ज्या सरकारला ते जमलं त्याच्याकडेच मी हे मागतो आहे, कारण त्याला ते जमेल असं मला वाटतं.

अंगणातले बांबू आता आम्हाला लागत नाहीत. गेल्या मे महिन्यात पलीकडच्या गावातला एक मुलगा चिरेखाणीच्या पाण्यात उडी मारताना तळाला आपटला. मान मोडली, पण इजा अपूर्ण आहे. त्यालाही टाके निघाल्यावर घरी पाठवलंय. मी आणि भाऊ बांबू पिकअपमध्ये घालून त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यांच्या अंगणाला उतार आहे, खुंट एका पातळीत बसत नव्हते. संध्याकाळपर्यंत आम्ही खालच्या बाजूला दगड रचत होतो.